पूरा आराम

आजारी माणसाला झोप लागावी म्हणून मी उभ्या आयुष्यात जेवढी भांडणं केली, तेवढी दुसऱ्या कशासाठी केली नसतील. डॉक्टरांशी भांडले, नातेवाइकांशी भांडले, आवारात शिरलेल्या शेळ्यांशीसुद्धा भांडले. माणसाला निजवायचं आणि त्यासाठी आपला आवाज चढवायचा, यातला विनोद माझ्या ध्यानात फार उशिरा आला.

मी मूळची औरंगाबादची. हैदराबादेत तीन वर्षं नर्सिंग शिकले आणि नेमणूक झाली ती थेट हिंगोलीला. निजामाचं राज्य होतं, दूर कुठे तरी महायुद्ध चाललं होतं. दवाखाना बारा खाटांचा, कौलारू. पुढे लांब ओसरी आणि आवारात दोन मोठाले कडुलिंब. कागदपत्रं सगळी उर्दूत. डॉक्टरसाहेब हैदराबादचे, त्यांचं बोलणं दखनी. रोगी आसपासच्या खेड्यांतले, त्यांचं बोलणं इथलं मराठी. मधे मी. मला दोन्हीकडचं कळायचं आणि त्याची चांगलीच घमेंड होती. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते त्या घमेंडीपायीच झालं.

मुदतीच्या तापावर, म्हणजे टायफॉइडवर, आज गोळ्या आहेत. तेव्हा नव्हत्या. तीन आठवडे, कधी चार, माणसाने पडून राहायचं, पातळ खायचं, कूससुद्धा दुसऱ्याच्या हाताने बदलायची. आतडी आतून नाजूक झालेली असतात. माणूस उठून बसला, गचका बसला, तर आतडं फाटायचं आणि मग कोणाच्या हातात काही उरायचं नाही. म्हणजे औषध काय, तर झोप आणि विसावा. तो बाटलीत मिळत नव्हता, मला तयार करावा लागायचा.

हे काम मला मनापासून आवडायचं. दुपारी एक ते तीन ही मी वॉर्डाची निजेची वेळ ठरवली होती. खिडक्यांना ओली पोती लावायची, दाराच्या कडीला चिंधी गुंडाळायची, स्टुलांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बसवलेले. माझ्या हैदराबादी बुटांची टकटक होते असं एका रोग्याने सांगितल्यावर मी वॉर्डात अनवाणी फिरायला लागले. डॉक्टरसाहेबांना ते पसंत पडलं नाही. "नर्स है या फकीरनी?" म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, मी तर तुम्हालाही बूट काढायला सांगणार होते." त्या दिवसापासून ते टाचा उचलून चालायला लागले.

भाद्रपद संपत आला होता, तेव्हा कुरुंद्याकडचा एक तरुण शेतकरी बैलगाडीतून आला. बरोबर त्याची बायको आणि थोरला भाऊ. मुदतीचा ताप चढल्याला बारा दिवस झाले होते. डोळे तांबारलेले आणि टक्क उघडे. बोटांनी चादर चिवडत राहायचा आणि आपली नजर चुकली की खाटेवरून उतरायला बघायचा. डॉक्टरसाहेबांनी त्याला तपासलं, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "ये सोया नहीं तो बचने का नहीं." त्याची बायको दाराशी उभी होती. तिला शब्द कळले नसतील, पण तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खाली बसली.

दोन दिवस मी शिकलेलं सगळं केलं. कोमट पाण्याने अंग पुसलं, पाठीला स्पिरिट चोळलं, तोंड साफ ठेवलं, झोपेचं मिक्श्चर पाजलं. त्याचा डोळा पाच-दहा मिनिटं लागायचा, मग दचकून जागा व्हायचा आणि खाटेची लोखंडी कड दोन्ही हातांनी धरून ठेवायचा.

आधी मी दोष दिला तो बैलांना. थोरल्या भावाने गाडी लिंबाखाली सोडली होती. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा, आणि माशा वारण्यासाठी त्यांची मान सारखी हलायची. मी तरातरा बाहेर गेले.

"अहो दादा, त्या माळा काढून ठेवा. तुमचाच भाऊ आत तळमळतोय."

तो उंच, हाडापेराने मजबूत, शब्दाला शब्द न देणारा माणूस होता. पण या एका गोष्टीला त्याने ठाम नकार दिला.

"माळ काडत न्हाईत, बाई. आमच्या घरी बैल मेला न्हाईतर इकला तवाच माळ निघती. घरात दुखनं असताना तर न्हाईच न्हाई."

"मग बैल तरी तिकडे न्या."

"तेवडं नेतो."

गाडी आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. आवाज कमी झाला, बंद झाला नाही. मी मनातल्या मनात त्याला अडाणी म्हणून टाकलं आणि आत आले.

त्या तरुणाच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारे पिंजारी होते. पन्नास वर्षं कापूस पिंजून छातीत दमा बसलेला. आडवं होता येत नसे, म्हणून उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपायचे. मी त्यांना चाचा म्हणायची. गाद्या भरणं हा त्यांचा जन्माचा धंदा, त्यामुळे दवाखान्याच्या गाद्यांबद्दल त्यांची मतं होती आणि ती ते न विचारता द्यायचे. तिसऱ्या दिवशी मी तरुणाची चादर सकाळपासून चौथ्यांदा ताणून बसवत होते. हैदराबादेत आमच्या मोठ्या बाईंनी चादरीचे कोपरे दुमडायला शिकवण्यात महिने घालवले होते. खालची चादर ढोलकीसारखी ताठ हवी, वरची दोन्हीकडून गादीखाली घट्ट खोचलेली हवी. माझे कोपरे बघून कोणीही खूश व्हावं.

"बाई," चाचा म्हणाले, "उसकू बांधते कायकू?"

"बांधत नाहीये चाचा. नीट झोपवतेय."

"सफेद कपडा, हातपाव कसके बांधे हुए." त्यांना मधे दम लागला. "हमारे में ऐसा एकीच बार करते. तुमारे में बी."

माझ्या हातातला कोपरा सुटला. खाटेवरचा माणूस तोंडापर्यंत पांढऱ्या चादरीत होता. हे चौदा दिवस तापलेलं डोकं स्वतःकडे बघून काय समजत असेल, हा विचार मी एकदाही केला नव्हता.

चाचांचं बोलणं संपलं नव्हतं. "ये जमीन पे सोनेवाला आदमी. इत्ते ऊपर नींद कैसी आती? गिरूंगा करके जागता." मग त्यांनी त्याच्या बायकोला विचारलं, "घर में कायपे सोता ये?"

"वाकळंवर," ती दबक्या आवाजात म्हणाली. "गाडीतच हाय. पन आया म्हनली, भाइरचं कापड हितं चालत न्हाई."

आया फक्त सांगत होती. नियम माझा होता. बाहेरच्या पांघरुणांतून उवा, पिसवा, काय काय यायचं, आणि तो नियम मी मोठ्या लढाईने बसवला होता. तो आपल्याच हाताने मोडायचा म्हणजे जड जातं. मी मधला मार्ग काढला. वाकळ आणवली, मागच्या हंड्यात उकळली आणि दिवसभर उन्हात टाकली. जुन्या लुगड्यांचे थर, वर हाताएवढ्या अंतरात दहा-दहा टाके. त्या बायकोनेच शिवलेली. हंड्याशी ती गप्प उभी होती, शेवटी न राहवून म्हणाली, "घरचा वास जाईल ना, बाई." मी म्हटलं, जाऊ दे, उवाही जातील.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाट एका बाजूने भिंतीला लावली. दुसऱ्या बाजूला दोन बाकं जोडली, म्हणजे पडायला जागाच राहिली नाही. गादीवर वाकळ अंथरली. अंगावर चादर टाकली ती नुसती टाकली, कुठेही खोचली नाही. मग मी त्याच्या बायकोला विचारलं, "घरी झोप आली नाही तर काय करता?"

"काशाच्या वाटीनं पाय घासतो. वाटी घरी ऱ्हायली."

काशाची वाटी माझ्या खोलीत होती. तिला थोडं तेल लावून थोरला भाऊ बाकावर बसला आणि धाकट्याचे तळपाय घासायला लागला. एवढे मोठे राकट हात, पण एकसारखे, घाई नाही, थांबणं नाही. खिडक्यांवरच्या ओल्या पोत्यांतून हिरवट उजेड येत होता. रोगी थोडा वेळ छताकडे बघत राहिला. मग त्याची बोटं, जी चार दिवस चादर चिवडत होती, ती वाकळेवर फिरता फिरता टाक्यांना लागली. एक टाका, दुसरा, तिसरा. वास गेला होता, टाके राहिले होते. तो ते मोजतोय असं मला वाटलं. पंधराव्या-विसाव्या टाक्यावर बोट थांबलं आणि तोंड किंचित उघडलं गेलं.

चाचांनी माझ्याकडे बघून एक बोट वर केलं. तो माणूस अडीच तास झोपला. त्या दोन बाकांच्या मधे कुठे तरी मी माझे हैदराबादी कोपरे कायमचे सोडून दिले, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

पुढचे तीन-चार दिवस तो झोपत गेला. दुपारची झोप मी राखायची, रात्रीची त्याची बायको. ताप थोडा थोडा उतरायला लागला. एक दिवस सकाळी डॉक्टरसाहेबांनी तापाचा तक्ता पाहिला, नाडी धरली, पोट अलगद चाचपलं आणि खूश होऊन म्हणाले, "शाब्बास! इसकू अब पूरा आराम होना." आणि पुढच्या खाटेकडे गेले.

दखनीत 'होना' म्हणजे पाहिजे. 'पानी होना' म्हणजे पाणी हवं. पूरा आराम होना, म्हणजे याला पूर्ण विश्रांती हवी. मला ते इतकं सवयीचं झालं होतं की यात कोणाला समजावून सांगण्यासारखं काही आहे, हे मनातच आलं नाही.

थोरला भाऊ दाराशी उभा होता. "काय म्हनले सायब?"

माझ्या एका हातात थर्मामीटर, दुसऱ्या हातात भांडं, आणि बारा खाटांची सकाळ समोर. शिवाय हा त्याचा त्या सकाळचा चौथा प्रश्न होता. "पूर्ण आराम म्हणाले," मी तुटकपणे सांगितलं.

"पुरा आराम?"

"हो, पुरा आराम. ऐकू येत नाही का?"

त्याने मला हात जोडले. त्याचा एरवीचा दगडी चेहरा असा काही उजळला की मला नवल वाटलं. भावाला पडून राहायला सांगितलं, यात एवढं आनंदण्यासारखं काय आहे! दुपारी त्याने सगळ्या वॉर्डाला गुळाचा खडा वाटला. मीही खाल्ला.

खेड्यात विश्रांतीला आराम म्हणत नाहीत. इसावा म्हणतात, पडून राहा म्हणतात. 'आराम पडला' म्हणजे दुखणं गेलं, माणूस खडखडीत बरा झाला. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? रोज सकाळी खाटेखाटेपाशी थांबून मीच विचारत होते, "काय, आराम पडला का?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब दौऱ्यावर गेले होते. वॉर्डाची निजेची वेळ सुरू झाली आणि मी दवाखान्यामागच्या माझ्या खोलीत भाकरी खायला गेले. खाताना घुंगरांचा आवाज आला, आणि हळूहळू लांब गेला. बैल पाण्यावर नेले असतील, बरं झालं, असं मी म्हटल्याचं मला आजही आठवतं.

परत आले तर खाट रिकामी. बाकं जागच्या जागी सरळ लावून ठेवलेली, चादरीची घडी घातलेली, काशाची वाटी स्वच्छ घासून वर ठेवलेली. वाकळ नव्हती. बाकीचा वॉर्ड गाढ झोपेत होता. एकटे चाचा जागे.

"गए," ते म्हणाले. "बडा भाई लेकरू उठाते वैसा उठाके ले गया. मैं कुछ पूछा तो होठ पे उंगली रख्या. तुमारा सोने का टाइम था ना." मग माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काय हुआ? तुमीच बोले ना उसकू, पूरा आराम?"

मीच शिकवलं होतं त्यांना, एक ते तीन पाय न वाजवता चालायचं. त्यांनी माझा नियम पाळला होता आणि एक ताप न उतरलेला, आतडी कच्ची झालेला माणूस अलगद उचलून बैलगाडीत ठेवला होता. कुरुंदा गाडीने पुरा एक दिवस. वाट म्हणजे चाकोऱ्या आणि धोंडे.

मी तशीच अनवाणी बाहेर पडले, कोपऱ्यावरचा टांगा धरला आणि कुरुंद्याला जाणाऱ्या औंढ्याच्या वाटेने सोडायला लावला. वाटेत टांग्याला बसणारा प्रत्येक गचका मी त्याच्या पोटात मोजत होते. काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. सगळं त्या थोरल्या भावाला ऐकवायचं होतं. स्वतःला ऐकवण्यासारखंही काही आहे, हे टांग्यात अजून सुचलं नव्हतं.

कयाधूच्या उतारावर गाडी दिसली. बैलांना पाणी पाजायला थांबले होते. मी उडी टाकून धावले, तोंड उघडलं, आणि गाडीतून त्याच्या बायकोने हात वर केला. तो झोपला होता. खाली कडबा, त्यावर वाकळ, डोकं तिच्या मांडीवर.

तेव्हा आयुष्यातलं एक मोठं भांडण मी कुजबुजत केलं.

"कुठे नेताय त्याला?"

"घरी," थोरला भाऊही कुजबुजला. "आराम पडला म्हून."

"कोण म्हणालं असं?"

त्याला प्रश्नच कळला नसावा. "तुमी," तो म्हणाला.

माझं जुळवलेलं सगळं बोलणं तिथेच विरघळलं. मी हळू आवाजात सांगितलं, की आराम म्हणजे विसावा. अजून निदान दोन आठवडे पडून राहायचं. हलायचंसुद्धा नाही. साहेब तेच म्हणाले होते. तो चाकाला धरून खाली बसला. "मंग आता?" एवढंच म्हणाला. गाडीतून परत न्यायचं म्हणजे तेच धोंडे पुन्हा.

टांगेवाल्याने जवळच्या आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या वस्तीवरून, एक बाज मागून आणली. आखाड्यावरचे दोन गडी आले. वाकळेसकट त्याला उचलून बाजेवर घेतलं. मी म्हटलं, "खांद्यावर घ्या, लवकर पोचाल."

"खांद्यावर न्हाई," थोरला भाऊ म्हणाला. "जितं मानूस खांद्यावर नेत न्हाईत."

एरवी मी फाडकन काही बोलले असते. त्या दिवशी बोलले नाही. चौघांनी बाज हातांवर धरली, कमरेइतक्या उंचीवर, आणि चालायला लागले. हात लांब करून ओझं धरून चालून बघा म्हणजे कळेल. पन्नास पावलांवर खांदे भरून यायचे, थांबायचे, बाजू बदलायचे. पण बाज एकदाही वाकडी झाली नाही. बायको पदराची सावली धरून बाजूने चालत होती, मी नाडी धरून दुसऱ्या बाजूने. टांगा नि बैलगाडी नदीवरच कोणाच्या तरी भरवशावर टाकली होती. अर्ध्या वाटेत त्याने डोळे उघडले. "घर आलं का?"

"आलंच," थोरला म्हणाला. "नीज तू." तो परत निजला.

डॉक्टरसाहेब संध्याकाळी परतले. त्यांनी पोट चाचपलं. "अब्बी तो नरम है," म्हणाले, "दो-चार रोज देखना पडता." आणि मग त्यांचा आवाज चढला. "जाहिल लोग! किसने बोला था ले जाने कू?"

थोरल्या भावाने एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग मान खाली घातली. "आमी अडानी मानसं, सायब. आमालाच कळालं न्हाई."

मी तिथेच होते. माझ्या हातात ट्रे होता. दोन शब्द बोलायला किती वेळ लागतो? पण मी माझा रुबाब, माझ्या दोन भाषा, माझी नवी नोकरी, सगळं त्या ट्रेमधे घट्ट धरून गप्प राहिले.

मग माझी झोप गेली. तशीही ती सावध होतीच. आता यायचीच बंद झाली. सकाळी वॉर्डात शिरले की आधी त्या माणसाच्या पोटाकडे बघायची, कडक झालंय का, फुगलंय का. दोन-चार दिवस म्हटलेले गेले. पाचवा गेला, आठवा गेला. तो झोपत होता, वाकळेवर, बाकांच्या आडोशाला. त्याची बायको झोपत होती. थोरला भाऊ लिंबाखाली घोंगडी टाकून पडायचा. बारा खाटांना मी झोप वाटत होते आणि माझ्या वाट्याला उरत नव्हती. "सबकू सुलाती, आप नहीं सोती," चाचा एकदा म्हणाले. त्यांना सगळं माहीत होतं. ते कोणाला बोलले नव्हते, आणि मला त्याचाही त्रास होत होता.

थोरल्या भावाने मला एका शब्दाने बोल लावला नाही. फक्त डॉक्टरसाहेब काही म्हणाले की माझ्यापाशी यायचा आणि सरळ मनाने विचारायचा, "कोन्ता आराम म्हनले, बाई?" त्यात टोमणा नव्हता; त्याला खरंच समजून घ्यायचं असायचं. मग मी हातातलं काम खाली ठेवायची, त्याला बसवायची, एक एक गोष्ट सांगायची आणि म्हणायची, आता तुम्ही मला सांगा. तो धडा म्हटल्यासारखा सांगायचा. ती सवय मला पुढे कायमची लागली. नातेवाइकाने उलट सांगितल्याशिवाय मी त्याला सोडत नसे. वॉर्डात मात्र 'आराम' हा शब्द मी त्यानंतर एकदाच उच्चारला.

ताप उतरला आणि उतरलेला राहिला. दहा दिवसांनी तो उशांना टेकून बसला, मग भिंतीला धरून चार पावलं चालला. दिवाळी जवळ आली होती. एक दिवस सकाळी डॉक्टरसाहेबांनी घरी सोडण्याच्या तिकिटावर सही केली आणि थोरल्या भावाला मोठ्याने म्हणाले, "अब ले जाओ. अब के सच्ची आराम है. समझे क्या?"

सगळा वॉर्ड हसला. थोरला भाऊही खाली बघून हसला. मला ते हसणं सोसलं नाही.

"साहेब," मी म्हटलं, "त्या दिवशी मी सांगितलं होतं त्यांना. पूर्ण आराम, असं. यांची चूक नव्हती, माझी होती. मी बोलले नाही."

डॉक्टरसाहेबांनी गळ्यातली नळी काढली, परत घातली. "मैं बी तो वइच बोला था," ते म्हणाले आणि टाचा उचलून पुढच्या खाटेकडे गेले.

थोरला भाऊ माझ्याहून जास्त ओशाळला होता. "कशाला, बाई," तो म्हणाला. "झालं ते झालं. उन्हं उतरली की निघतो. जाताना सांगून जातो."

दुपारी वॉर्ड निजला. मी पोती ओली केली, कडीवरची चिंधी नीट केली आणि त्या दोन बाकांवर एक मिनिट टेकले.

जाग आली तेव्हा पोत्यांमधून उन्हाच्या तिरप्या रेघा येत होत्या. चार वाजून गेले असावेत. मी बाकावर आडवी होते आणि अंगावर वाकळ होती. जागे झालेले रोगी आपापल्या खाटांवर मुकाट बसून चहा पीत होते, बशीचा आवाजसुद्धा न करता. शेजारची खाट रिकामी होती.

"ते लोक कुठायत?"

"गए," चाचा म्हणाले. "एक घंटा हुआ. वाकळ तुमकूच रखो बोली उसकी औरत."

मला रागच आला. "मला उठवलं का नाही? आणि मी उठले कशी नाही? माझी झोप इतकी सावध. घुंगरं वाजली असतील ना?"

"कैसे वाजते?" चाचांनी दम घेतला. "बडा भाई मालाँ निकाल लिया बैलों के. अपने गले में डाला, दोनों हातों से घट्ट पकड्या, और सडक लगे तलक वैसाच चलते गया."

मी वाकळ तोंडावर ओढून घेतली. मला रडू आलं होतं, आणि वॉर्डात आवाज करायचा नाही हा नियम माझाच होता.